काळं कापड की नागपूरचा आरसा

बाबांच्या कॅमेऱ्यात माणसं उलटी दिसत. डोकं खाली, पाय वर. आर्वीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथे तीन पायांवर उभा असलेला तो लाकडी कॅमेरा मी चालायला लागल्यापासून पाहत होते. पुढे भिंग, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता आणि मागे पाटीएवढी दुधी काच. समोरचं माणूस त्या काचेवर उमटे. ते नीट दिसायला अंधार लागे, म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यायचं, भाता पुढेमागे करायचा, आणि माणूस साफ झालं की तिथे फिल्मची चौकट सरकवून रबरी फुगा दाबायचा. फुस्स असा आवाज येई आणि संपलं. आता माझी नात जेवताना एका हातानं भाताचा फोटो काढते, दुसऱ्या हातानं भात खाते. आमच्याकडे एका फोटोला अर्धा तास लागे आणि त्यातली पंचवीस मिनिटं 'साफ झालं की नाही' यातच जात.

माणसं उलटी दिसतात ही बातमी बाबांनीच कधीतरी कौतुकानं कुणाला सांगितली होती आणि ती आसपासच्या सगळ्या खेड्यांत गेली. बायकांनी तिचा आपापल्या परीनं विचार केला. माणूस उलटं झालं तर लुगडं कुठे जाईल? त्यामुळे बाबा कापडात शिरले रे शिरले की बायका लुगड्याचे काठ पायाशी दोन्ही हातांनी गच्च धरत. त्या वेळच्या लग्नाच्या ग्रुप फोटोंत मागच्या रांगेतल्या बायका जराशा वाकलेल्या दिसतात, त्याचं कारण कंबरदुखी नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकवलं नाही असं नाही, मीच गेले नाही. मास्तरांनी हजेरी घेतली की माझ्या तोंडून 'हजर' निघत नसे, त्यामुळे मी वर्षभर बाकावर बसून गैरहजर होते. घरी कुणी आलं की मी दाराच्या मागे. आमची आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. ती पाहुण्यांना सांगे, "आमच्या घरी एक पोट्टी हाये, पण ते दाराले देल्ली." तिच्या बोलण्याला सगळे हसत आणि मी दाराच्या फटीतून कोण किती हसलं ते पाहून ठेवी. लाज काही गेली नाही. आजही वर्ध्याला नालवाडीच्या घरी सुनेच्या मैत्रिणी आल्या की मी गच्चीवर कपडे वाळले का ते पाहायला जाते. कपडे सकाळीच काढलेले असतात.

तर अशी मी त्या कापडाखाली कशी गेले? एके दिवशी आई अंगणात सुपात तूर पाखडत होती आणि बाबा तिच्यावर कॅमेरा लावून काच पाहत होते. मी सहज बाजूनं कापडात डोकं घातलं. बाबा म्हणाले, "पाह्य कशी साफ दिसून राह्यली तुही माय." मी पाहिलं तर काचेवर नुसता पांढुरका ढग.

"बाबा, आईचं नाक कुठी हाये?"

बाबांनी भाता पुढेमागे करायची चकती माझ्या हातात दिली. मी फिरवत गेले, ढगातून सूप आलं, सुपातून हात आले, मग नाक आलं, नाकातली मोरणी आली. मी म्हटलं, "आली." बाबा म्हणाले, "कोनाले सांगू नोको." त्यांच्या डोळ्यांवर साय येत होती. मोतीबिंदू. वय पन्नाशीचं पण नव्हतं. दूरचं माणूस ओळखू येई, रस्ता दिसे, पण काचेवरचं काही दिसेना. आणि आंधळ्या फोटोवाल्याकडे कोण फोटो काढणार, ही भीती त्यांनी आईलासुद्धा सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून कापडाखाली आम्ही दोघं. मी चकती फिरवायची आणि साफ झालं की बाबांची बाही एकदा ओढायची. कुणी हललं तर दोनदा. बाबा कापडाखालून मोठ्यानं ओरडत, "जरा हनुवटी खाली! श्वास रोका!" बाहेरच्यांना वाटे बाबा पाहतात. कॅमेऱ्याला तीन पाय आणि आमचे चार, असे सात पाय उभे असत. कुणी विचारलंच, "दोन मानसं कायले लागते गा?" तर बाबांचं उत्तर तयार, "लेडीज फोटोले पोरगी पाह्यते, लेडीजले लाज नाई वाटत. अन् जेन्ट्स फोटोले शिकून राह्यली." हे ऐकून बायकांनी लुगडी सोडली, बाबांचा धंदा वाढला, आणि चार गावं पाहायला मिळाल्यामुळे मी खूश. कापडाच्या आत मला कुणी पाहत नव्हतं आणि मी सगळ्यांना पाहत होते. माझ्यासारखीला याहून चांगली जागा कुणी शोधून दिली नसती. शिवाय ज्याची चप्पल वर आणि टोपी खाली, त्या माणसाची भीती वाटत नाही.

ते कापडही असंच मिळालं नाही. आधीचं विरून विरून गाळणं झालं होतं. बाबांनी आत्याचा काळा परकर मागितला. आत्या म्हणाली, "अन् सरपंचाच्या समोर माहा परकर डोक्यावर घेऊन उभा राह्यशीन?" पण दिला. त्याच्या शिवणीतून उजेड येत होता. मग बाजारातून काळं मांजरपाट आणलं, तेही उन्हाला दाद देईना, काचेवर माणसं फिकी पडत. मग बाबांनी कुठून तरी मखमल आणली. अंधार झकास झाला, पण वैशाखात आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. मखमलीखाली आम्ही दोघं भरताच्या वांग्यासारखे भाजून निघालो. शेवटी आईनं तोडगा काढला. आतून दुहेरी काळं सुती आणि बाहेरून बाबांच्या जुन्या धोतराचं पांढरं. आत अंधार, बाहेरचं ऊन लागत नाही. राहिला वारा. कापड उडू नये म्हणून आईनं खालच्या काठात ज्वारी भरून शिवली. ते घेऊन आम्ही रोहण्याला एका लग्नाच्या ग्रुपाला गेलो. काठ कुठेतरी उसवला असावा. मी आतून नवरीच्या नथीवर साफ करत होते आणि बाहेर चार कोंबड्या जमल्या. एकीनं काठ धरून असा हिसका दिला की कापड खाली आलं आणि बाबा आणि मी भर मांडवात उघडे पडलो. वऱ्हाड हसून हसून लोळलं. मी तोंड लपवायला जागा शोधत होते आणि मला सापडली ती फक्त बाबांची पाठ. त्यानंतर काठात चिंचोके भरले. चिंचोके कोंबडी खात नाही.

भिंगाचीही तीच गत. काचेवर साफ झालं की नाही हे नुसत्या डोळ्याला फसवं दिसतं, भिंग लावून पाहावं लागतं. बाबांनी आधी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग आणलं, डोळ्यात चिमटून धरायचं ते. दोन्ही हात मोकळे राहत, पण मला हसू आलं की ते निसटे, आणि उलट्या माणसांकडे पाहून मला हसू येईच. मग हात पाहणाऱ्या ज्योतिषाचं दांडीवालं. त्यात नाक मोठं दिसे, पण साफ दिसेना. शेवटी हिंगणघाटहून मामा आला, तो कापडगिरणीत होता. गिरणीत कापडाचे धागे मोजायला पितळेचं घडीचं भिंग असतं, उघडलं की तीन पट्ट्यांची चौकट होते आणि आपल्या पायावर उभी राहते. त्यानं आपलं जुनं एक मला दिलं. काचेवर टेकवलं की बरोबर. मिशीचा केस न् केस मोजून घ्या. बाबांनीही मोठ्या आशेनं त्यातून पाहिलं. मग भिंग मला परत देत म्हणाले, "साय मोठी दिसते. बाकी काई नाई."

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग मी चौदाची झाले आणि आत्याला ते दिसलं. रोज सकाळी चुलीपुढे बसून ती तेच लावी. "वं वहिनी, पोट्टी बापाच्या कमरेले चिकटून गावोगाव हिंडते, लोकं काय म्हनन? घरी बसव तिले. भाकरी तरी गोल करू दे." आई ऐके आणि भाकर थापत राही. बाबा म्हणत, "मले मदत लागते." आत्या म्हणे, "कापड धरायले? खिळा ठोक." खरं कारण बाबांना सांगता येत नव्हतं ना.

आणि नेमके त्याच वेळी तिवारीजी आले. ते नागपूरहून फोटोचं सामान घेऊन गावोगाव फिरत, फिल्म, कागद, फोटो धुवायचा हायपो. गोरे, गोल, आणि बोलणं अर्धं हिंदी अर्धं आमचं. त्यांनी पेटीतून एक काळ्या चामड्याचा डबा काढला. "भैया, आता कापड-बिपड भूल जाओ. हे पाहा." तो डबा कॅमेऱ्याच्या काचेमागे बसत होता. आत तिरपा आरसा, वर डोळा लावायला भिंग. वरून डोकावलं की माणूस सुलटं. डोकं वर, पाय खाली, आणि कापडाशिवाय अंधार. आत्यानं पहिल्यांदा डोकावलं आणि अंगणात उभ्या आईकडे पाहून ओरडली, "बाप्पा! सिधी उभी हाये!" जणू आई एरवी आडवी असे. फक्त एक खोड होती, डावं ते उजवं दिसे. पण आत्याला त्याचं काय.

"बिटिया को अब छुट्टी," तिवारीजी मला म्हणाले. मी दारामागे होते तरी त्यांना दिसले.

"हेच पाह्यजे," आत्या म्हणाली. "दादा, घेऊन टाक. पोट्टी घरी राह्यते, तू एकटा जाजो."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी डब्यात डोळा लावला होता आणि चेहरा असा केला होता की मला सगळं कळलं. त्यांना वाटत होतं, या भिंगातून, या आरशातून तरी दिसेल. आपल्या पायावर उभं राहता येईल. त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, उजेड कमी, ते म्हणाले, "परवा एका शाळेत हेडमास्तरचा निरोपाचा ग्रुप हाये. तिथं लावून पाह्यतो. जमलं तं ठेवतो." तिवारीजी म्हणाले, मीपण येतो. आत्यानं मला लगेच परात आणि पीठ दिलं. मी थापलेली पहिली भाकर पाहून आई म्हणाली, "हा कोन्ता जिल्हा हाये?"

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. डबा राहिला तर मी चुलीपुढे, आणि आयुष्यभर आत्याच्या तोंडाकडे पाहत बसायचं, तेही सुलट्या.

शाळेत सामान धरायला म्हणून मला शेवटचं नेलं. मैदानात बाकं लावली होती. पुढे पोरं मांडी घालून, मध्ये खुर्च्यांवर मास्तर मंडळी, हेडमास्तरांच्या गळ्यात हार. बाजूला कढई चढली होती आणि आलुबोंडे निघत होते. एका बाईनं मला एक गरम आलुबोंडा कागदात दिला. तिवारीजी आणि बाबा रांगा बसवायला पुढे गेले. डबा बाकावर उघडा पडला होता, आरसा वर करून. मी आलुबोंडा खाल्ला. मग माझी दोन बोटं पाहिली, ती तेलानं चमकत होती. मग आरसा पाहिला. तो पण चमकत होता. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, परत फिरवली, आणि कागद पदराच्या टोकात बांधला. मला वाटलं, बाबा पाहतील, दिसणार नाही, म्हणतील हे बेकार आहे, परत न्या. इतकं सोपं.

तिवारीजींनी डबा बसवला. सगळी शाळा पाहत होती. बाबांनी वरून डोळा लावला.

"वा!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "काय साफ दिसून राह्यलं! मिशा मोजून घ्या!"

आरशावर बोटभर तेल आणि बाबांना साफ दिसत होतं. खोटं बोलत होते ते. रोजच्या सायीत आणि आलुबोंड्याच्या तेलात त्यांना फरक कळलाच नव्हता.

"हेडमास्तर साहेब, जरा डावीकडं!" बाबा रंगात आले होते. "आता कसं, एकदम कडक! तिवारीजी, मानलं तुमाले!"

तिवारीजी खुशीत पुढे आले. "देखें, देखें," म्हणत त्यांनी डोळा लावला. मग डोळा काढला, रुमालानं डोळा पुसला, परत लावला. मग बाबांकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरले नाही. "भैया," ते हळूच म्हणाले, पण मैदान शांत होतं. "यामध्ये तर धुकं आहे नुसतं. तुमाले काय साफ दिसलं?"

बाबांचं तोंड उतरलं. मास्तर लोक एकमेकांकडे पाहायला लागले. आर्वी तालुका केवढा, संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेलं असतं. आणि हे मी केलं होतं, माझ्या दोन बोटांनी.

शाळेत चार वर्षांत जे तोंड उघडलं नव्हतं ते शाळेतच उघडलं. "तिवारी काका," मी म्हटलं. आवाज कुठून आला मला माहीत नाही, कापडाखालून आल्यासारखा वाटला. "आरशाले तेल लावलं हाये. आलुबोंड्याचं. बाबानं लावायले सांगतलं."

"क्या?"

"म्हने, तिवारीजी माल इकते, पन सोता पाह्यते का नुसती तारीफ करते, ते पाहू. मी साफ हाये म्हनतो, पाहू ते हो ला हो करते का." मी बाबांची बाही एकदा ओढली.

मग बाबा हसले. आधी जरासे, मग पोट धरून. "पकडले गेलो बाप्पा! पोट्टीच्या पोटात काई राह्यत नाई. पन तिवारीजी, तुमी पास! पैल्या नंबरात!"

तिवारीजींनी आरशावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि "उस्ताद हो भैया!" म्हणून बाबांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर हसले, पोरं हसली, हेडमास्तर हारातून हसले. पटलं की नाही देव जाणे. पण चामड्याच्या कोपऱ्यात गेलेलं तेल तिथं पुसून निघणारं नव्हतं, म्हणून तो ग्रुप कापडातूनच घेतला. चामडं साफ करायला तिवारीजी डबा नागपूरला घेऊन गेले, आणि बाबांनी तो परत मागवला नाही.

परत येताना एसटीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. तसेच बसून म्हणाले, "तरी म्हटलं, फोडनीचा वास काऊन येऊन राह्यला." मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नोको. मारत नाई. पन मले फरकच नाई समजला, कुसुम. तेल अन् बिनतेल, सारखंच." मग घरी येऊन त्यांनी आईला आणि आत्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आत्यानं त्या दिवशी माझ्या वाट्याच्या भाकरी थापल्या.

थंडीत वर्ध्याला डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबा बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून परत आले. लोकांना कळलं. ज्याची एवढी भीती होती त्याचं लोकांनी काय केलं? म्हणाले, फोटोवाल्याले आता चार डोळे झाले, फोटो अजून साफ येतीन. झालं.

मला मात्र माझी भीती होती. आता बाबांना दिसत होतं. आत्याची परात तयारच होती.

इथे एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, वर लिहिली नाही कारण लाज वाटली. त्या मोठ्या कॅमेऱ्यात उजेड कमी असला की तिन्ही रांगा सारख्या साफ येत नाहीत. एकच रांग धरावी लागते. आणि ती कोणती, हे ठरवणारी मी होते.

चष्मा आल्यावर आठ दिवसांनी बाबांनी मला स्टुडिओत बोलावलं. टेबलावर दोन वर्षांचे ग्रुप मांडून ठेवले होते आणि माझं धाग्याचं भिंग त्यांच्या हातात होतं. एकेका फोटोवर ते भिंग सरकत होतं. मी दारात.

"ये इकडं. हे कोन?"

"सभापती."

"मधात खुर्चीवर बसले हाये. तोंड पाह्य याचं. भिजलेला पापड. अन् मांगच्या रांगेतल्या चपराशाची मिशी पाह्य, एकेक केस. यानं तुले काय केलं व्हतं?"

"म्हने, ही मुकी हाये का."

"अन् चपराशानं?"

"पानी देल्लं."

बाबांनी दुसरा फोटो घेतला. त्यात नवरदेवाचे काका धुक्यात आणि पोळ्या लाटणारी बाई कोपऱ्यात अशी साफ की हाताचं पीठ दिसावं. त्यांनी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही. एकामागे एक फोटो पाहत गेले. मी पायाच्या बोटांकडे पाहत उभी. आता बोलतील, आता परातीकडे पाठवतील.

शेवटचा फोटो ठेवून त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"उद्या सोसायटीच्या चेअरमनचा ग्रुप हाये," ते म्हणाले. "तो मले 'ए फोटो' म्हनून हाका मारते. वीस वर्सं झाली. नाव माईत हाये त्याले माहं." मग विचारलं, "कुठी बसन तो?"

"मधात," मी म्हटलं. "खुर्चीवर."

"हं." त्यांनी फोटो गोळा केले, भिंगाची घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. "माह्या डोयाचं काई खरं नाई अजून. मले काय दिसते? तूच पाह्यजो."